रविवारच्या बाई

बाई आल्या की आधी मोडेमवर हात ठेवून उभ्या राहायच्या. बसायच्या नाहीत. फोन लागत असताना तो डबा किंचाळायचा, खरखरायचा, मध्येच गप्प व्हायचा, आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याच्यावर तळवा ठेवून बाई पुटपुटायच्या, "लाग बाबा, लाग. लई लांबनं आलेय रं." जोडणी झाली, पडद्याच्या कोपऱ्यात दोन चिमुकल्या कॉम्प्युटरचं ते चित्र लुकलुकायला लागलं, की मगच खुर्ची ओढायच्या. लागलं नाही, तर तासभरसुद्धा तशाच उभ्या.

सांगलीला एसटी स्टँडजवळ, एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या भावाचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम. होऊन त्या क्लासच्या टेबलाशी बसत होते. इंटरनेट नावाची गोष्ट आमच्याकडे नवीनच आली होती आणि तिचं काय करायचं ते आम्हालाही नीट माहीत नव्हतं. बाई साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होत्या. साताऱ्यात त्यांना कुणी सलग दोन तास फोनची लाइन द्यायला तयार नव्हतं. आमचा क्लास रविवारी बंद, म्हणजे लाइन मोकळी. म्हणून पहिल्या एसटीनं निघायच्या आणि दहाच्या आत जिना चढायच्या. भावानं त्यांचं नाव ठेवलं 'रविवारच्या बाई', आणि तेच पडलं.

पहिल्या दिवशी भावानं विचारलं, काय शिकताय? त्या म्हणाल्या, "बायोइन्फर्मेटिक्स. इंग्लंडातल्या एका विद्यापीठाचा एमएस्सीचा कोर्स आहे, सगळा इंटरनेटवरनं." भाऊ विचारात पडला आणि म्हणाला, "म्हणजे बायोगॅससारखंच काहीतरी?" बाई हसल्या नाहीत. शांतपणे समजावून सांगितलं, की आपल्या शरीराचा सगळा आराखडा ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, तो इतका लांबलचक असतो की माणसाला वाचून होत नाही, म्हणून कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचा. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आमचे आबा म्हणायचे, पोरी, चार अक्षरं शीक. तीच शिकतेय."

त्यांचं घर माण तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. आबा म्हणजे त्यांचे वडील. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि पाऊसकाळाला परतायचे. घरात शिकलेल्या बाई पहिल्याच. लग्न त्यांनी केलेलं नव्हतं.

त्यांच्याजवळ कडक पुठ्ठ्याची एक लांबट वही असे. पडद्यावरची अक्षरं त्या वहीत हातानं उतरवून घ्यायच्या. ए, टी, जी, सी, ओळीमागून ओळ, ओठ हलवत. शंभर अक्षरं झाली की समासात एक रेघ. मी म्हटलं, "बाई, फ्लॉपीत घ्या की. नाहीतर मी प्रिंट काढून देते."

"फ्लॉपीत घेतलं होतं. गाडीत आदळून आदळून सातारला पोचेस्तवर फ्लॉपी गेली. आणि प्रिंट नुसती बघितली जाते गं, वाचली जात नाही. वहीला कधी व्हायरस लागल्याचं ऐकलंयस?"

सगळी मिळून चौदा हजार अक्षरं होती. एकाच जनुकातून शरीराला जाणारा निरोप. किती रविवार गेले त्यात, मी मोजले नाहीत. हेच एक जनुक का, हेही विचारलं नाही. मला वाटलं, अभ्यासाला नेमून दिलं असेल.

एका रविवारी दुपारी लाइट गेली. वाट बघत बसलो. बाईंनी भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली, आणि तेव्हा तानाजीचं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याच्या पोटऱ्या अशा भरदार, की गावातली माणसं थांबून बघायची. "पोरगं पैलवान होणार" म्हणून आबांनी त्याला खुराक सुरू केला. पाचव्या वर्षी तो जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत, स्वतःवर चढल्यासारखा उठायला लागला. अकराव्या वर्षी चालणं थांबलं. त्या भरदार पोटऱ्यांत ताकद नव्हतीच, तो आजार होता. स्नायू झिजत जाण्याचा, बहुतेक मुलग्यांनाच होणारा. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि औषध नाही, हेही सांगितलं. आता तो अठराचा होता. आईसह साताऱ्यात बाईंच्या खोलीवर राहत होता.

"आबांना त्यांच्या कळपातल्या प्रत्येक मेंढीची आई ठावी, आजी ठावी," बाई म्हणाल्या. "तान्या बसला त्या वर्षी ते आईला सगळ्यांदेखत म्हणाले, 'खोट मेंढ्यात न्हाई. मेंढीत हाय. तुझ्याकडनं आलंय हे.' त्या दिवसापासनं आईशी बोलले नाहीत. सात वर्षं झाली. आईनंही मान खाली घातली ती घातलीच. ताट वाढून देते आणि आपण कोपऱ्यात बसून खाते, चोरी केल्यासारखी."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही औषध शोधताय?"

"औषध शोधणारी मोठी माणसं आहेत. मला आबांना खोटं पाडायचंय." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आणि औषध सापडलं तर नको कोण म्हणतंय."

त्या दिवसापासून मी मोडेम सुरू करताना देवाचं नाव घ्यायला लागले. बाईंची घाई मला कळली होती. त्यांच्याकडे वेळ नव्हता. तानाजीच्या छातीचे स्नायू सैल होत चालले होते.

परीक्षा इंटरनेटवरच असे, ठरलेल्या दोन तासांत. पहिल्याच परीक्षेला आमचा फोन मुका. खाली गटारीसाठी खणताना कुणीतरी केबल तोडली होती. बाईंनी वही काखोटीला मारली आणि जिना उतरल्या. मी मागं. उन्हातून चालत एकेका पीसीओत विचारत सुटलो. शेवटी एका दुकानदारानं सांगितलं, गावभागातल्या एका डॉक्टरांकडं इंटरनेट आहे म्हणे. तिथं सत्यनारायण चालला होता. दार उघडणाऱ्या मावशींना वाटलं, आम्ही तीर्थप्रसादाला आलोय. बाई दारातच हात जोडून म्हणाल्या, "मावशी, प्रसाद नंतर. आधी तुमचा फोन द्या." धुळीनं भरलेल्या पायांनी डॉक्टरांच्या खोलीत बसून, पलीकडं आरती चाललेली असताना, बाईंनी पेपर सोडवला. मावशींनी मला शिरा दिला. बाईंनी शेवटचं बटण दाबलं, तेव्हा पाण्याचा पेला मीच त्यांच्या तोंडाला लावला. पास झाल्या.

कोर्सच्या शिक्षिका एक वयस्क इंग्रज बाई होत्या. दर पंधरवड्याला पडद्यावर लेखी बोलणं व्हायचं. एकदा त्यांनी सहज विचारलं, तुमच्या भावाच्या जनुकात नेमकी चूक कुठं आहे? बाई पडद्याकडं बघत राहिल्या. मग वही उघडली, पानं उलटत गेल्या, अगदी शेवटापर्यंत, आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारख्या माझ्याकडे वळल्या.

"अंजे, हे सगळं चांगल्या माणसाचं आहे. कुणाचं तरी निरोगी. मी वर्षभर लिहितेय, आणि ह्यात तान्या कुठंच न्हाई."

खरंच होतं ते. तानाजीचं रक्त तपासून वाचल्याशिवाय त्याची चूक कुणालाच दिसणार नव्हती. ते रक्त कुठं वाचतात, हे साताऱ्या-सांगलीतल्या एकाही डॉक्टरला सांगता येईना. "उपयोग काय त्याचा? बरा थोडाच होणार आहे?" हे उत्तर त्यांनी चार दवाखान्यांत ऐकलं.

त्याच महिन्यात बाईंच्या धाकट्या बहिणीला, मंगलला, दिवस गेले.

मंगल तासगावला दिलेली. द्राक्षबागायतदाराचं घर, माणसं बरी. बातमी कळली त्या रविवारी बाईंनी पेढा आणला नाही. मोडेमवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि फोन लागल्यावरही तशाच उभ्या. "आईत खोट असेल तर मंगलमध्येही असू शकते, माझ्यातही," त्या म्हणाल्या. "मुलगा झाला तर तान्यासारखा होऊ शकतो. गर्भ तपासता येतो, पण त्याला आधी तान्यातली चूक कुठाय ते कळायला हवं. आणि ते तीन-चार आठवड्यांत. मग उशीर."

बाई रजा काढून मधल्या वारीही यायला लागल्या. शिक्षिकेला, कोर्समधल्या अनोळखी मुलांना, पडद्यावर ज्या ज्या शास्त्रज्ञाचा पत्ता दिसेल त्याला एकच मजकूर. भारतात ही तपासणी कुठं होते? उत्तर येत नसे. आलं तर 'आम्हाला वाईट वाटतं' असं. एकदा त्या कीबोर्डवर डोकं टेकून बसल्या आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत गेलं. मी त्यांना उठवलं नाही.

बाई कॉलेजवर असताना त्यांचं इंटरनेटवरचं टपाल मी उघडून बघायचं, असं ठरलं होतं. एका गुरुवारी सकाळी निरोप आला. शिक्षिकेच्या ओळखीतल्या कुणाची तरी विद्यार्थिनी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत होती. तिथं हीच तपासणी होत होती. रक्त कसं पाठवायचं, कुणाला भेटायचं, सगळं लिहिलं होतं. मी साताऱ्याला कॉलेजात फोन लावला. "बाई प्रॅक्टिकलमध्ये आहेत, नंतर करा," म्हणून क्लार्कनं ठेवून दिला. मी कागद पर्समध्ये घातला आणि साताऱ्याची गाडी पकडली.

खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर, उशांना टेकून तानाजी बसला होता. बारीक मान, मोठे डोळे, ओठावर कोवळी मिसरूड. आई परातीत पीठ मळत होती. माझ्याकडं न बघताच तिनं पाणी पुढं केलं. बाई येईपर्यंत तानाजी माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलत होता. मग बाई आल्या, कागद वाचला, आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"आक्के, काय लिवलंय?" तानाजीनं विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. त्याच्यापासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हंजे माझ्यावानी पोरगं हुऊ नये, म्हणून माझं रगात पायजे."

आईचा पिठातला हात थांबला.

"आधी तू मला बरं करायला शिकत हुतीस न्हवं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यामुळं ते जास्तच लागलं.

बाई उठून त्याच्याजवळ गेल्या. "व्हय रं. त्यासाठीच लागले शिकायला. न्हाई जमलं मला, तान्या."

तानाजीला हात उचलता येत नव्हता. त्यानं बोटं तेवढी हलवली. "मग घे की. रडतीस कशाला? दंड धर, मला न्हाई उचलत."

रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं. बर्फाच्या थर्मासात ठेवून बाई स्वतः एसटीनं मुंबईला घेऊन गेल्या. आठ-दहा दिवसांत कळलं, तानाजीच्या जनुकातला एक तुकडाच गळालेला होता. चूक सापडली.

आता मंगलचं. तिच्या सासूबाईंना संशय आला, की ही मुलगा-मुलगी बघायची भानगड आहे. "आमाला लेक झाली तरी चालतीया," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "मुलगा का मुलगी ते मला कळायलाच नको. तुम्ही फक्त एकदा साताऱ्याला या, माझ्या भावाला बघून जा. मग नाही म्हणालात तर मी पुन्हा ह्या दारात येणार नाही." सासूबाई आल्या. तानाजीच्या कॉटजवळ दहा मिनिटं बसल्या. घरी गेल्यावर त्यांनीच मुलाला सांगितलं, की तिला मुंबईला घेऊन जा.

मंगलच्या गर्भात ती चूक नव्हती.

बाईंनी हे तानाजीला सांगितलं तेव्हा मी तिथं नव्हते. बाईंनीच पुढच्या रविवारी सांगितलं. तो म्हणाला होता, "माझ्यावानी न्हाई? लय ब्येस झालं." आणि रेडिओ लावायला सांगितला. "मी जिन्यात जाऊन बसले," बाई म्हणाल्या. "रेडिओचा आवाज खालपर्यंत येत होता."

महिन्याभरात तानाजीला साधा खोकला झाला. खोकून कफ काढायची ताकद छातीत उरली नव्हती. चौथ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला मी आणि भाऊ त्यांच्या गावी गेलो. माळावरचं घर. आबा आले होते. खांद्यावर घोंगडं, उंच, वाळलेले. पिंडदान उरकून माणसं ओट्यावर बसली होती. बाया आत. आई भिंतीला चिकटून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. आबांनी सगळ्यांदेखत बाईंना हाक मारली.

"तू शिकलीयास. परदेसातनं शिकलीयास म्हणं. त्याचं रगात बी तपासलंस. मग सांग समद्यांना, कुणाकडनं आलं हुतं हे?"

मी बाईंकडे पाहिलं. एवढ्या रविवारांत माझ्याही कानावर थोडं पडलं होतं. आबांचा तर्क बहुतेक खरा असतो, हे मला बाईंकडूनच कळलं होतं. असा आजार पुष्कळदा आईकडूनच येतो. पण नेहमी नाही. काही घरांत कुणातच काही नसतं आणि मुलात ती चूक नव्यानं घडते. ह्या घरात काय झालं होतं ते आईचं रक्त तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. ते तपासलेलं नव्हतं.

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "कुणाकडनं न्हाई, आबा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे आपोआप हुतं. लिवताना एखादं अक्षर गळावं तसं. त्यात कुणाचीच खोट नसती."

"आपोआप?"

"व्हय. मी वाचलंय. आईचा काय बी संबंध न्हाई."

आबा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. मग आत न बघताच म्हणाले, "तिला म्हणावं, जेवून घे." सात वर्षांतलं पहिलं वाक्य. भिंतीशी बसलेल्या आईनं पदर तोंडात कोंबला आणि ती अशी रडली, की बाकीच्या बायांना तिला धरावं लागलं. मुलगा गेल्यापासून ती रडली नव्हती म्हणे.

दोन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. प्रबंध राहिला होता. शिक्षिकेनं मुदत वाढवून दिली होती आणि सुचवलं होतं, की स्वतःच्या कुटुंबावरच लिहा. बाईंनी वंशावळ काढली. पुरुषांना चौकोन, बायांना गोल. तानाजीचा चौकोन काळा भरला. शिक्षिकेचं उत्तर आलं, आईचा आणि तुमचा अहवाल जोडलात तर काम फार मोलाचं होईल. मुंबईची प्रयोगशाळा तपासून द्यायला तयार आहे.

"पाठवायचं ना रक्त?" मी विचारलं.

बाईंनी आईचा आणि स्वतःचा, दोन्ही गोल रिकामे ठेवले. खाली इंग्रजीत एक ओळ टाइप केली, तपासणी केलेली नाही, करण्याचा विचार नाही.

"मार्क जातील बाई."

"जाऊ देत."

मार्क गेलेच. पदवी मात्र मिळाली. टपालानं आली, जाड कागदाची. कॉलेजनं सांगितलं, इंटरनेटवरची पदवी आम्ही धरत नाही. बाई होत्या तिथंच राहिल्या, बेडकांच्या बरण्या आणि सूक्ष्मदर्शकं पुसत.

माझं लग्न ठरलं, नाशिकला. निघण्याआधीच्या रविवारी बाई आईला घेऊन आल्या. तासगावला मंगलच्या लेकाचं बारसं होतं, वाटेत उतरल्या. आईनं क्लास पहिल्यांदाच बघितला. हिरवं इरकल नेसली होती, पदर कपाळापर्यंतच. माझ्या डोळ्यांत बघून हसली. इतक्या दिवसांत मी तिचा चेहरा पुरा पाहिलाच नव्हता.

"हितं बसून शिकली व्हय ही?" तिनं विचारलं. "हितंच कळलं, आपोआप हुतंय म्हणून?"

"हितंच, आये," बाई म्हणाल्या.

आईनं कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडले. मग खुर्चीच्या काठावर टेकली आणि जरा दबकत म्हणाली, "एक इचारू? रागावू नगंस. घरात कुणाचीच खोट न्हाई म्हंजे तुझ्यात बी न्हाई. मग तू आता लगीन करायला काय हरकत हाय?"

बाई खिडकीशी होत्या. खाली स्टँडवर गाड्या लागत होत्या. त्यांचं उत्तर ऐकायला आई माझ्याकडं आणि त्यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. बाईंनी वळून तिची पिशवी उचलली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला.

"चल आये," त्या म्हणाल्या. "तासगावची गाडी लागली."